तिचे तिलाच सांगावे

माणसाच्या देहाची आतली बाजू पाहण्याचा योग फार थोड्यांच्या वाट्याला येतो. माझ्या वाट्याला तो तेहतीस वर्षे आला. १९७९ ते २०१२ या काळात मी शस्त्रक्रियागृहात परिचारिका म्हणून काम केले. त्यातील बहुतेक वर्षे धर्मभगिनींनी चालविलेल्या रुग्णालयांत गेली. तेथे धर्मभगिनीही ‘सिस्टर’ आणि आम्ही परिचारिकाही ‘सिस्टर’. रुग्णाने हाक मारली की दोघीही वळून पाहत असू. सर्जनच्या हाती उपकरणे देता देता आणि टाके घालण्यापूर्वी गॉजचे तुकडे मोजता मोजता जे पाहिले, त्यातील एका विषयावर आज लिहावेसे वाटते. आपल्या घरांतून तो कुजबुजत बोलला जातो आणि म्हणूनच त्याविषयी मोकळेपणाने लिहिणे अगत्याचे आहे.

पोट उघडले जाते ते एका ठरावीक कारणासाठी. बीजांडकोशावरची गाठ असते, आडवे आलेले मूल असते, किंवा औषधांना न जुमानणारे दुखणे असते. परंतु आत गेल्यावर कधी कधी निराळेच काही नजरेस पडते. अशा वेळी सर्जनचा हात क्षणभर थांबतो. ‘दिवा जरा इकडे घ्या,’ असे ते हळूच म्हणतात. भूलतज्ज्ञ वाकून पाहतात. टेबलावरची स्त्री गाढ झोपेत असते. तिच्या देहाविषयीची, तिला स्वतःला कधीच ठाऊक नसलेली एक गोष्ट त्या खोलीतील चार-पाच परक्या माणसांना कळलेली असते. ती तिला केव्हा कळते, कोणाच्या तोंडून कळते, की कधी कळतच नाही, यावर पुढचे पुष्कळ काही अवलंबून असते. मी लिहिणार आहे ते गर्भाशयाच्या जन्मजात वेगळ्या घडणीविषयी, आणि त्याहूनही अधिक, ही घडण दिसल्यानंतर बाहेरच्या बाकावर जे घडते त्याविषयी.

आईच्या उदरात मुलीची घडण होत असताना गर्भाशय आरंभापासून एकसंध नसते. उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा दोन बारीक नलिका असतात. जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्यूलर यांनी १८३० साली त्यांचे विवरण केले, म्हणून त्यांना म्यूलरच्या नलिका म्हणतात. भ्रूण सहा-सात आठवड्यांचे असताना त्या आकार घेऊ लागतात, हळूहळू मध्यरेषेकडे सरकतात, खालच्या अंगाने एकमेकींना जुळतात आणि तिसऱ्या महिन्याच्या सुमारास त्या जोडातून एक गर्भाशय तयार होते. वर जे दोन भाग मोकळे राहतात त्या बीजवाहिन्या. जोडाच्या ठिकाणी मध्ये जी भिंत उरते ती पाचव्या महिन्यापर्यंत विरून जाते. वाडीत दोन अंगांनी आलेले पाट पुढे एक होऊन वाहावेत, तसेच हे.

या वाटचालीत कोठेही खंड पडू शकतो. एक नलिका वाढली आणि दुसरी खुंटली, तर गर्भाशय अर्धेच घडते. दोन्ही वाढल्या, पण वरच्या बाजूस जुळल्या नाहीत, तर माथ्यावर खाच असलेले, दोन शिंगांचे गर्भाशय होते. मुळीच जुळल्या नाहीत, तर दोन स्वतंत्र गर्भाशये राहतात. जुळल्या, पण मधली भिंत विरली नाही, तर बाहेरून सारे नेहमीसारखे दिसते आणि आत पडदा असतो. दोन्ही खुंटल्या, तर गर्भाशय नसतेच. बीजांडकोशांचा उगम वेगळा असल्यामुळे गर्भाशय नसलेल्या मुलीचेही बीजांडकोश सहसा आपले काम नीट करतात. तिची वाढ, तिचे स्त्रीपण कोठेही उणे राहत नाही. मूत्रपिंडे मात्र याच शेजारात, याच सुमारास घडतात. त्यामुळे अर्धे गर्भाशय असलेल्या बऱ्याच जणींना त्या बाजूचे मूत्रपिंडही नसते.

हे सारे फार विरळा असेल, असे वाचकांना वाटेल. तसे नाही. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार सर्वसाधारण स्त्रियांमध्ये शंभरात पाच-सहा जणींच्या गर्भाशयाची घडण थोडीफार वेगळी असते, आणि ज्यांचे गर्भ पडतात त्यांच्यात हे प्रमाण शंभरात तेराच्या आसपास जाते. गर्भाशय मुळीच नसणे मात्र दुर्मीळ. साधारण पाच हजार मुलींमागे एक. म्हणजे रविवारच्या मिस्साला चर्चमध्ये दोनशे स्त्रिया बसलेल्या असतील, तर त्यांपैकी दहा-अकरा जणींच्या पोटात अशी काही वेगळी घडण असण्याचा संभव आहे. त्यांतील पुष्कळजणी मुलेबाळे होऊन आज्या झालेल्या असतात आणि त्यांना याची गंधवार्ताही नसते. बहुतेकींच्या बाबतीत निश्चित असे कारण सापडत नाही. आईने ग्रहणात विळी हाती घेतली म्हणून हे होत नाही, कोणाच्या शापाने होत नाही, आणि पूर्वजांच्या पापाची ही शिक्षाही नव्हे.

येथे एका धर्मबंधूचे स्मरण करणे उचित होईल. नील्स स्टेन्सन हे सतराव्या शतकातील डेन्मार्कचे शरीरशास्त्रज्ञ. स्त्रीच्या बीजांडकोशांना त्या काळी निराळेच नाव होते आणि त्यांचे कार्य कोणास नीट उमगले नव्हते. स्टेन्सन यांनी माशांचे विच्छेदन करून, स्त्रीच्या देहातील हे अवयव अंडी धारण करणारे असले पाहिजेत, असे १६६७ साली लिहिले. त्याच वर्षी त्यांनी फ्लॉरेन्समध्ये कॅथलिक श्रद्धेचा स्वीकार केला. पुढे ते धर्मगुरू झाले, बिशप झाले, आणि २३ ऑक्टोबर १९८८ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केले. स्त्रीदेहाच्या ज्या भागाचे नाव घेताना आपण आवाज खाली आणतो, त्याचा अभ्यास करणारा मनुष्य वेदीच्या सन्मानाला पोचला, ही गोष्ट मला नेहमीच धीर देत आली आहे. देहाविषयीचे सत्य जाणणे आणि देवाला शरण जाणे यांत त्यांना विरोध दिसला नाही.

आता काही अनुभव सांगते. माणसे ओळखू येऊ नयेत एवढी काळजी घेतली आहे.

१९८४ सालची गोष्ट. वसईकडची एक बाई बाळंतपणासाठी आली. वाडीतली भाजी घेऊन पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजाराला जाणारी, अंगाने काटक, बोलण्यात मोकळी. पहिला गर्भ पाचव्या महिन्यात पडला होता. दुसरे मूल सातव्या महिन्यात आले आणि दोन दिवसांत गेले. आता तिसऱ्या खेपेस मूल पायाळू होते. सासूचे म्हणणे एकच, ‘दोन जिवांची असून टोपल्या उचलते, मग कूस कशी टिकणार?’ ते ऐकून ऐकून बाईलाही ते खरे वाटू लागले होते. सिझेरियन करावे लागले. बाळ बाहेर काढल्यावर सर्जनना दिसले की गर्भाशयाच्या माथ्यावर खोल खाच आहे आणि त्याला दोन शिंगे आहेत. बाळ एका शिंगात वाढले होते. जागा अपुरी, वळायला वाव नाही. म्हणूनच ते पायाळू राहिले होते. आधीची दोन बाळंतपणे अवेळी का झाली, याचाही उलगडा झाला. सर्जननी त्या घडणीला हात लावला नाही, टाके घातले आणि केसपेपरवर सारे नोंदविले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसले. एका कागदावर त्यांनी पेन्सिलीने चित्र काढले. खाली एक तोंड, वर दोन कप्पे. बाई बराच वेळ ते चित्र पाहत राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे डॉक्टर, टोपलीचा दोष नव्हता?’ ‘नव्हता,’ सर्जन म्हणाले. तिने डोळे पुसले आणि सांगितले, ‘आता हेच माझ्या सासूला सांगा. पण मी इथे असताना सांगा.’ त्यांनी तसेच केले. तो कागद तिने घडी घालून प्रार्थनापुस्तकात ठेवला. पुढच्या खेपेस ती पहिल्या महिन्यांपासूनच तपासणीला येऊ लागली. एका कागदाने तिच्या डोक्यावरचे केवढे ओझे उतरविले, हे मी डोळ्यांनी पाहिले. भाजीच्या टोपलीहून ते निश्चितच जड होते.

दुसरा अनुभव याच्या अगदी उलट. साडेचार महिन्यांची गर्भवती असलेली एक तरुण स्त्री रात्री बेशुद्धावस्थेत आणली गेली. नाडी लागत नव्हती, चेहरा पांढराफटक. पोट उघडले तो आत रक्तच रक्त. तिचे गर्भाशय अर्धेच होते आणि त्याच्या शेजारी खुंटलेल्या नलिकेचा एक बंद कप्पा राहिला होता. गर्भ त्या कप्प्यात रुजला होता. अशा कप्प्याची भिंत वाढत्या गर्भाला पुरत नाही. बहुधा मधल्या महिन्यांत ती फुटते. तशीच ती फुटली होती. जवळच्या धर्मग्रामात निरोप गेला, तरुण मुले सायकलींवरून रक्त द्यायला आली आणि बाई वाचली. बाळ वाचणे शक्यच नव्हते.

पहाटे तिचा नवरा बाहेरच्या बाकावर बसून हुंदके देत होता. त्याच्या बोलण्यातून कळले की सहा वर्षांपूर्वी मुंबईच्या एका रुग्णालयात तिच्या गाठीची शस्त्रक्रिया झाली होती. तेव्हाच तेथील डॉक्टरांना ही घडण दिसली होती. त्यांनी नवऱ्याला आणि सासऱ्यांना बोलावून ‘पिशवी अर्धीच आहे’ एवढे सांगितले. दोघांनी विचार केला की ही मनाने हळवी, हिला कशाला सांगायचे? डिस्चार्ज कार्डावर फक्त गाठीचा उल्लेख होता. सहा वर्षे ती दर बुधवारी माहीमच्या नोव्हेनाला जात होती आणि आपल्याला मूल का होत नाही, हे घरातील दोन पुरुषांना थोडेबहुत ठाऊक होते, तिला मात्र नव्हते. दिवस राहिले तेव्हा तिने कोणत्याही डॉक्टरला काही सांगितले नाही, कारण सांगण्याजोगे तिच्याजवळ काहीच नव्हते. कळले असते, तर पहिल्याच महिन्यात सोनोग्राफी करून गर्भ कोठे रुजला आहे हे पाहता आले असते. त्या नवऱ्याचे तिच्यावर प्रेम नव्हते असे मी म्हणणार नाही. त्याचे हुंदके मी ऐकले आहेत. पण प्रेमाने लपविलेली गोष्टही लपविलेलीच असते, आणि देह तिचा हिशेब ठेवतो.

तिसरा अनुभव १९९१ सालचा. वीस वर्षांची मुलगी, शिक्षिकेचा अभ्यासक्रम नुकताच पुरा केलेली. बीजांडकोशावरच्या गाठीला पीळ पडून असह्य दुखू लागले म्हणून तातडीने शस्त्रक्रिया झाली. गाठ निघाली, बीजांडकोश वाचला. पण मध्यभागी, जेथे गर्भाशय असायचे, तेथे एक बारीकशी पट्टी तेवढी होती. तिला पाळी कधीच आली नव्हती. आईने ‘काहींना उशिरा येते’ म्हणत काढे देऊन दिवस लोटले होते. सर्जननी आईवडिलांना बाजूच्या खोलीत नेऊन सांगितले. आईने हात जोडले, ‘डॉक्टर, तिला सांगू नका. साखरपुडा झालाय. जानेवारीत चर्चमध्ये घोषणा व्हायच्यात.’ सर्जन म्हणाले, ‘तुमची मुलगी, तुम्ही ठरवा.’

तिसऱ्या दिवशी मी वॉर्डमध्ये गेले असता मुलीने माझा हात धरला. ‘सिस्टर, आई सारखी रडते. माझ्या पोटात काय सापडलं?’ निदान सांगण्याचा अधिकार परिचारिकेला नसतो, तो डॉक्टरांचा. आणि खोटे बोलण्याचा अधिकार कोणालाच नसतो. मी म्हटले, ‘बाय, जे सापडलं ते तुला डॉक्टरच सांगतील. मी त्यांना आणते.’ मग मी आमच्या मेट्रन असलेल्या धर्मभगिनींकडे गेले आणि आम्ही दोघी मिळून सर्जनकडे. मेट्रन फार बोलल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, ‘डॉक्टर, वीस वर्षांची आहे ती. मतदान करते. उद्या वेदीपुढे उभी राहून ती शब्द देणार आहे. कशाचा शब्द देते आहे हे तिला कळायला नको का?’ सर्जन थोडे रागावले, खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आणि अखेरीस आले. भले गृहस्थ होते ते. मुलीजवळ बसून त्यांनी सगळे सांगितले. गर्भाशय नाही, बीजांडकोश उत्तम आहेत, वैवाहिक जीवनात जी अडचण असते तिच्यावर उपचार आहेत आणि पुष्कळदा ते शस्त्रक्रियेवाचूनही होतात. स्वतःच्या पोटी मूल होणार नाही, हेही सांगितले. मुलगी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दोन दिवस जेवली नाही. मेट्रन तिच्याजवळ बसून असत. काही न बोलता.

घरी गेल्यावर तिने त्या मुलाला बोलावून स्वतःच्या तोंडाने सांगितले. आईवडिलांनी विरोध केला तेव्हा त्यांच्या धर्मगुरूंनी त्यांना जे समजावून सांगितले ते प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवावे असे आहे. १९८३ च्या धर्मनियमसंहितेतील १०८४ व्या नियमाच्या तिसऱ्या कलमानुसार वंध्यत्वामुळे विवाहास मनाई होत नाही आणि विवाह अवैधही ठरत नाही. ज्यांना मूल होऊ शकत नाही त्यांचा विवाहही पूर्ण विवाह असतो, हे ख्रिस्तसभेचे म्हणणे आहे. मात्र त्याच कलमात १०९८ व्या नियमाची आठवण दिलेली आहे. सहजीवन गंभीरपणे विस्कळीत करू शकेल अशी जोडीदाराची एखादी बाब, संमती मिळविण्यासाठी कपटाने लपविली गेली असेल, तर तो विवाह अवैध ठरतो. म्हणजे ज्या गोष्टीमुळे विवाह मोडू शकत नाही, ती लपविल्यामुळे मात्र विवाहाचा पायाच ढासळू शकतो. लेकीचा संसार सावरण्यासाठी जे दडवायचे, तेच तिच्या संसाराखालचे भुसभुशीत वाळूचे थर होते.

साखरपुडा मोडला. गोड शेवट येथे मी जोडणार नाही, कारण तसा तो झाला नाही. गावात चर्चा झाली, आई वर्षभर कोणाच्या लग्नाला गेली नाही. मुलगी शाळेत शिकवू लागली. पुढे १९९८ साली, सर्व ठाऊक असलेल्या एका मनुष्याशी तिचा विवाह झाला आणि दोघांनी अनाथाश्रमातून एक मुलगी घरी आणली. त्या काळी ख्रिस्ती दांपत्याला आपल्या देशात कायद्याने दत्तक घेता येत नसे. १८९० च्या कायद्याखाली केवळ पालकत्व मिळे. २००० सालचा बालन्याय कायदा आणि २००६ मधील त्याची दुरुस्ती यांमुळे धर्माचा अडसर दूर झाला. काही वर्षांनी ती मला चर्चच्या आवारात भेटली. मी जुना विषय काढला नाही, तिनेच काढला. म्हणाली, ‘सिस्टर, ते दिवस फार वाईट होते. पण मला कोणी फसवलं नाही, आणि मीही कोणाला फसवलं नाही.’ बोटाला धरलेली मुलगी तिला घराकडे ओढत होती.

रुग्ण शुद्धीवर नसताना तिच्या वतीने घरच्यांनी निर्णय घ्यावा, ही आपल्याकडची जुनी रीत. कायदा तिला आता मान्यता देत नाही. दिल्लीतील एका प्रकरणात १९९५ साली चव्वेचाळीस वर्षांची एक अविवाहित स्त्री केवळ दुर्बिणीतून तपासणी करून घेण्यासाठी शस्त्रक्रियागृहात गेली होती. आत अनपेक्षित आजार आढळला. बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि दोन्ही बीजांडकोश काढून टाकण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी निकाल दिला, की स्त्री सज्ञान आहे, ती काही काळापुरतीच बेशुद्ध आहे आणि जिवाला तातडीचा धोका नाही, अशा स्थितीत आईची संमती ही तिची संमती होऊ शकत नाही. डॉक्टरांचा हेतू रुग्णाच्या हिताचा होता, हे न्यायालयाने मान्य केले. तरीही त्यांना शुल्क नाकारले गेले आणि पंचवीस हजार रुपये भरपाई द्यावी लागली. रक्कम मोठी नाही, तत्त्व मोठे आहे. तपासणीला दिलेली संमती ही अवयव काढण्याची संमती होत नाही, आणि स्त्रीच्या देहाविषयी विचारायचे ते प्रथम तिलाच.

जिवाला धोका असेल, तर सर्जनने हात आखडता घेऊ नये. साडेचार महिन्यांच्या त्या गर्भवतीच्या बाबतीत थांबणे म्हणजे मृत्यू होता. परंतु जन्मजात घडण केवळ दृष्टीस पडली म्हणून तेथल्या तेथे ती ‘दुरुस्त’ करण्याची घाई बहुधा अनावश्यक असते. गर्भाशयातील पडदा कापल्याने लाभच होणार, असे पूर्वी गृहीत धरीत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान तुलनात्मक अभ्यासात, पडदा कापलेल्या स्त्रियांना अधिक प्रमाणात मुले झाली असे दिसले नाही. पाहावे, नीट लिहून ठेवावे, पुढे सोनोग्राफी अगर एमआरआय करून खात्री करावी, मूत्रपिंडे तपासावीत आणि मग तिच्याशी बोलून ठरवावे, हाच शहाणपणाचा मार्ग. विज्ञान तर आता फार पुढे गेले आहे. प्रत्यारोपित गर्भाशयातून जगातील पहिले मूल २०१४ साली स्वीडनमध्ये जन्मले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये आपल्या पुण्यातही तसे एक बाळ जन्मास आले. या मार्गात गर्भधारणा शरीराबाहेर करावी लागते आणि ती ख्रिस्तसभेला मान्य नाही. त्यामुळे श्रद्धावंत कुटुंबापुढे निवडीचा कठीण प्रश्न उभा राहतो. तो प्रश्नही शेवटी त्या स्त्रीने आणि तिच्या पतीने, सत्य समोर ठेवून, प्रार्थनापूर्वक सोडवायचा आहे. सत्यच दडवले तर निवड कसली करणार?

लपविणाऱ्यांची बाजूही मला कळते. आपल्या बोलीत ‘वांझ’ हा शब्द अजून जिवंत आहे. बारशाच्या घरी पाळण्याजवळ कोणाला उभे करायचे आणि कोणाला नाही, याचे अलिखित नियम ख्रिस्ती घरांतूनही मी पाहिले आहेत. त्या शब्दाच्या भीतीने आई आपल्या लेकीपासून सत्य झाकते. म्हणजे दोष केवळ त्या आईचा नाही. तो शब्द वापरणाऱ्या आपल्या सर्वांचा आहे.

शुभवर्तमानात बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेल्या स्त्रीची हकिगत संत मार्क सांगतात. वैद्यांवर तिने होते-नव्हते ते खर्च केले होते. गर्दीतून मागून येऊन तिने प्रभूच्या वस्त्राला स्पर्श केला आणि ती बरी झाली. प्रभू तसाच पुढे जाऊ शकला असता. याईराच्या घरी त्याची वाट पाहिली जात होती. पण तो थांबला, वळला आणि तिला शोधू लागला. तिने थरथरत समोर येऊन आपले सारे खरे सांगितले, आणि तो तिला कन्या म्हणाला. अनेक वर्षे हा उतारा चर्चमध्ये ऐकताना मला वाटत आले आहे, की येथे तिच्या नवऱ्याला किंवा भावाला कोणी बाजूला बोलावून घेतले नाही. तिच्या देहाविषयीचे बोलणे तिच्याशीच झाले. तिचे सत्य तिच्या मुखातून आले आणि तिची लाज तेथेच संपली.

आपल्या विवाहपूर्व शिबिरांतून आता अनेक विषय बोलले जातात. त्यांत हाही असावा. मुलीला सोळाव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही, तर काढे देत न बसता तिला तपासणीस न्यावे आणि तपासणीत जे कळेल ते तिच्या वयाला पेलेल अशा शब्दांत तिला सांगावे. ज्या स्त्रीच्या पोटावर कोणतीही शस्त्रक्रिया झाली असेल, तिने डॉक्टरांना न संकोचता विचारावे, ‘आत आणखी काही दिसले का?’ आणि उत्तर कागदावर मागून घ्यावे. तिच्याबरोबर आलेल्या सासूने, आईने, नवऱ्याने ‘तिला सांगू नका’ हे शब्द ओठांवर आले तर ते गिळावेत, आणि ‘आम्ही तिच्याजवळ असताना सांगा’ असे म्हणावे. बाप्तिस्म्याचा आणि लग्नाचा दाखला आपण ज्या पेटीत जपून ठेवतो, त्याच पेटीत तो कागदही ठेवावा. तोही तिचाच दाखला आहे. देवाने तिला कसे घडविले त्याचा.